दहावी राहून गेलेल्या मोठ्या मुलांना पास कसं करायचं? (पुणे)

मृद्गंध | ८ जुलै, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. आमच्या धायरीच्या सोसायटीत क्लबहाउसची खोली संध्याकाळी रिकामीच असते. तिथे आम्ही तिघीचौघी मिळून शिकवणी घेतो, फी वगैरे काही नाही. घरकामाला येणाऱ्या बायकांच्या लहान मुलांचा गृहपाठ घ्यायचा एवढाच मूळ बेत होता. मुलांच्या मागोमाग मोठी माणसंच येऊन बसायला लागली. सध्या तिघं पक्की आहेत आणि तिघांच्या तीन तऱ्हा.

पहिला आमच्या गेटवरचा वॉचमन, वय २३. बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला, त्यामुळे दिवाळी आली की बिऱ्हाड कारखान्यावर आणि शाळा बुडाली. आठवीत सुटली ती सुटलीच. आता एजन्सीवाले म्हणतात दहावी कर, सुपरवायझर करतो.

दुसरी १९ वर्षांची. माहेर येरवडा, लग्न होऊन इकडे आली. दहावीत गणित आणि इंग्रजी राहिलं. अंगणवाडीत लागायचं तिच्या मनात आहे.

तिसरा १७ चा, कात्रजला गॅरेजमध्ये. लॉकडाऊन लागला तेव्हा मनपाच्या शाळेत सातवीत होता. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जायचा. शाळा उघडेपर्यंत हा कामाला लागला होता. याला आयटीआय करायचं आहे.

१७ नंबर, एनआयओएसची मुक्त शाळा, रात्रशाळा अशी नावं ऐकून आहे, पण कुणाला कुठला रस्ता ते कळत नाही. आणि खरी अडचण वेगळीच आहे. पुस्तक दहावीचं उघडलं तरी गाडी पाचवीच्या अपूर्णांकावर अडते. अशांना शिकवायचं कसं? अनुभव असलेल्यांनी लिहा.

नुसताच_वाचक | ८ जुलै, रात्री १०:१५

चांगला धागा. वाचतोय.

सतरानंबरी | ८ जुलै, रात्री ११:०४

मृद्गंधताई, माझा आयडी बघून कळलंच असेल. भोसरीत कंपनीत हेल्परला होतो, वयाच्या सव्विसाव्या वर्षी १७ नंबरनं (म्हणजे शाळेत न बसता, बाहेरून) दहावी केली. म्हणून वॉचमनदादांपुरतं लिहितो.

आधी दाखला शोधा. पुस्तक, गाईड, क्लास सगळं नंतर. १७ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मूळ हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत आणि जोडीला प्रतिज्ञापत्र. बाकी आधार आणि फोटो, त्याचं काही अडत नाही. निम्मी माणसं या दाखल्याच्या पायरीवरच गळतात असं माझं मत आहे.

गावच्या शाळेत गुरुजी बदलून गेले तरी जनरल रजिस्टर जागेवर असतं. दादांनी सुट्टी काढून शाळेच्या वेळेत जावं, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. फोनवर कुणी दाखला काढत नाही. मला माझ्या शाळेनं बरेच खेटे घालायला लावले. शेवटी माझ्या वर्गातला एकजण ग्रामपंचायतीत निघाला, त्यानं काम केलं.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा. माझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. हे निस्तरल्याशिवाय फॉर्म भरू नका, कारण दहावीच्या मार्कलिस्टवर जे छापून येतं ते जन्मभर पुरतं.

खडूफळा | ९ जुलै, सकाळी ६:३५

मी पेठेतल्या एका रात्रशाळेत शिकवतो, त्यामुळे असे विद्यार्थी रोजचेच. तिघांना एकच रस्ता लावू नका.

येरवड्याच्या मुलीला १७ नंबरची गरजच नाही. ती नियमित बसून नापास झालेली आहे, म्हणजे बोर्डाच्या भाषेत पुनर्परीक्षार्थी. फॉर्म तिच्या मूळ शाळेतूनच भरला जाईल. पास झालेल्या विषयांना सूट मिळते, फक्त गणित आणि इंग्रजी द्यायचं. जुलैची पुरवणी आता हातची गेली, फेब्रुवारी-मार्चची धरा. दिवाळीच्या आगेमागे शाळेत चौकशी करा, कारण शाळा जुन्या विद्यार्थ्यांना स्वतःहून कळवत नाहीत. दोन विषय राहिले असताना एटीकेटीवर अकरावीला बसता आलं असतं, हे तिला त्या वेळी कुणी सांगितलं नसणार. मुलींच्या बाबतीत हे फार बघतो. निकाल लागला, दोन विषय उडाले, की घरचे स्थळं बघायला लागतात.

तिला हेही आत्ताच सांगा की अंगणवाडी सेविकेला आता बारावी लागते. दहावीवर थांबून चालणार नाही.

गॅरेजच्या पोराला रात्रशाळा. तो सातवीत सुटला असं तुम्ही म्हणता, पण त्या दोन वर्षांत सगळ्यांनाच वर घातलं होतं, त्यामुळे कागदावर तो आठवी पास असण्याची शक्यता आहे. दाखला काढल्यावर कळेल. वेळ लागेल, पण त्याच्या वयाला तो परवडतो, आणि रोज वर्गात बसण्याची सवय होईल. बाजीराव रोडला सरस्वती मंदिरच्या आवारात पूना नाईट हायस्कूल आहे, शहरात आणखीही आहेत. संध्याकाळी कामं सुटल्यावर सुरू होतात, रात्री साडेनऊ-दहाला सुटतात. कात्रजहून स्वारगेटची बस आहेच.

वॉचमनची ड्यूटी बारा तासांची असेल आणि आठवड्याला पाळी बदलत असेल तर रात्रशाळा विसरा. त्याला १७ नंबर किंवा एनआयओएस.

टवाळ | ९ जुलै, सकाळी ९:२०

एवढी उठाठेव कशाला? चौकाचौकात फ्लेक्स लागलेत, "थेट दहावी, थेट बारावी, १००% पास". पैसे टाका, मार्कलिस्ट घ्या.

पिंपरीकर_७७ | ९ जुलै, सकाळी ९:४१

टवाळ, गंमत म्हणून लिहिलं असेल तरी लोक खरं मानतात हो. आमच्या कंपनीत एका पोरानं असंच कुठल्याशा लांबच्या राज्यातल्या "बोर्डा"चं सर्टिफिकेट आणलं. पडताळणीत उडालं. नोकरी गेली आणि पैसेही गेले.

सोपी कसोटी सांगतो. सगळ्या मान्यताप्राप्त बोर्डांची कॉब्से म्हणून परिषद आहे, तिच्या यादीत नाव आहे का बघायचं. आणि "परीक्षेला बसायची गरज नाही" असं जो म्हणेल त्याला तिथूनच नमस्कार.

निशिगंधा | ९ जुलै, दुपारी २:१०

एनआयओएसबद्दल मी लिहिते, माझे बरेच विद्यार्थी तिकडून होतात (मी विशेष शिक्षिका आहे).

ही केंद्र सरकारची संस्था, १९८९ पासूनची. पुण्यात त्यांचं विभागीय केंद्र आहे. दहावीला वयाची खालची अट १४, वरची नाहीच. पाच विषय घ्यायचे, त्यातली निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. मोठं सुख म्हणजे पाचही विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. प्रवेश पाच वर्षं चालतो आणि त्यात नऊ संधी असतात. एका खेपेला दोन विषय द्या, पुढच्या खेपेला एक. पासाला ३३. मराठी माध्यमही आहे.

विषयांची निवडही मोकळी आहे. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री, बिझनेस स्टडीज असे पर्याय आहेत. गणिताला हात न लावता दहावी होता येतं.

गणितेश | ९ जुलै, दुपारी २:३८

शेवटच्या वाक्याला माझा कडक आक्षेप. गणित सोडून दहावी झालेला पोरगा आयटीआयच्या दारात अडकतो. मेकॅनिक मोटर व्हेईकलला दहावी गणित-विज्ञानासह लागते. वेल्डर, प्लंबर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावीची अट नाही, पण गॅरेजमधल्या मुलाला मेकॅनिकच व्हायचं असेल ना? सोप्यासाठी सोपं घेतलं की पुढे दार बंद.

निशिगंधा | ९ जुलै, दुपारी ३:०२

गणितेश, म्हणूनच मी तो पर्याय त्या मुलासाठी म्हटला नाही. आधी विचारायचं, दहावी कशासाठी हवी? सुपरवायझरच्या खुर्चीसाठी हवी असेल तर गणित असो नसो, तिथे कुणी बघत नाही. आयटीआयला हवी असेल तर गणित-विज्ञान घ्यावंच लागेल. पोलिसभरती डोक्यात असेल तर बारावीपर्यंतचा हिशोब आजच मांडायचा. मुलाला काय हवंय ते न विचारता बोर्ड ठरवणारे पालक आणि समाजसेवक दोन्ही मी भरपूर पाहिलेत.

गणितेश | ९ जुलै, दुपारी ३:०९

हे मान्य. तरी माझा जीव गणितासाठी तुटतो, काय करू.

कोथरूडची_आजी | ९ जुलै, रात्री ८:४५

मृद्गंध, तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी बाजूला टाकला, म्हणून मी लिहिते. हयातभर माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, निवृत्तीनंतर वस्तीवर मोठ्या मुलींना शिकवते.

पहिले दोन आठवडे दहावीचं पुस्तक कपाटात ठेव. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यातलं पाचवी-सहावीचं घे. पण वरचं कव्हर दाखवू नकोस. पानं छापून दे. तेवीस वर्षांच्या माणसापुढे "इयत्ता पाचवी" लिहिलेलं पुस्तक ठेवलं तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

मग बघ, की वाचता येतं का. पेपरमधला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला दे. अडखळत वाचतो की सलग? वाचून झाल्यावर काय वाचलं ते सांगता येतं का? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली १४ ते १८ वयाची मुलं तपासली होती. त्यात साधारण चौघांत एकाला आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येनं भागायला निम्म्यांहून जास्त अडले. तेव्हा तुझी तिघं काही जगावेगळी नाहीत. त्यांना हे सांग. ऐकून माणूस सैल होतो.

गणितात चार गोष्टी पक्क्या कर: पाढे (बारापर्यंत आले तरी निभावतं), भागाकार, अपूर्णांक, आणि ऋण संख्या. १/२ अधिक १/३ म्हणजे २/५ असं लिहितील. खोडून "चूक" म्हणू नकोस. अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा भाकरी एका ताटात ठेवली तर अर्ध्यापेक्षा कमी होईल का, एवढंच विचार. २/५ अर्ध्यापेक्षा कमी आहे हे त्यांचं त्यांना दिसलं की पुढचं समजावणं सोपं जातं.

मग दहावीला हात घाल, तोही पान एकपासून नको. बीजगणितात अर्थनियोजन, सांख्यिकी, संभाव्यता आधी. भूमितीत रचना आणि निर्देशक भूमिती. वर्गसमीकरणं नंतर. भाग एक ४० चा, भाग दोन ४० चा आणि २० अंतर्गत. पासाला १०० पैकी ३५. या मुलांच्या बाबतीत ३५ म्हणजे ३५ च, ९० ची स्वप्नं आपली आपल्यापाशी.

अनघा_सातारकर | ९ जुलै, रात्री ९:१०

आजी, कव्हर न दाखवण्याचं वाचून मनात घर केलं. +१

खडूफळा | ९ जुलै, रात्री ११:२०

आजींना पुरवणी. अर्थनियोजनात जीएसटी आहे. गॅरेजच्या पोरानं स्पेअर पार्टची बिलं रोज हाताळलेली असतात. सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे-निम्मे का लागतात हे त्याला वर्गातल्या हुशार मुलांपेक्षा आधी कळतं. आमच्याकडे मार्केट यार्डात हमाली करणारे येतात. आडतीचे आणि टक्केवारीचे हिशोब तोंडी फटाफट करतात, कागदावर मांडायला सांगितलं की थांबतात. त्यांना गणित येतं, ते लिहायचं कसं तेवढं शिकवायचं असतं.

अवांतर: रात्रशाळा पुण्याला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आज मात्र पट कमी म्हणून तुकड्या बंद होतात. २०१७ च्या शासन निर्णयानं दिवसा दुसरीकडे नोकरी करून रात्री शिकवणारे शिक्षक एका फटक्यात कमी झाले. काही शाळा त्यातून अजून सावरतायत. असो, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

पिंपरीकर_७७ | १० जुलै, सकाळी ८:०५

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं कुणी लिहिलं नाही. त्यांची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. ला बसता यायचं, दहावी-बारावी नसली तरी. माझ्या सासूबाई तशाच पदवीधर झाल्या, साठीला आल्यावर. आता पेपरातल्या शब्दकोड्यावरून सासऱ्यांना शिकवतात.

खडूफळा | १० जुलै, सकाळी ८:३०

पिंपरीकर, सासूबाईंना नमस्कार. शिक्षणाच्या हौसेला तो रस्ता उत्तमच. पण नोकरीसाठी "दहावी/बारावी उत्तीर्ण" अशी अट असेल तिथे पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. या तिघांना नोकरीच हवी आहे, म्हणून मी ते सुचवलं नव्हतं.

बाणेरचा_बाप्या | १० जुलै, सकाळी ११:५५

जरा कडू बोलतो. दहावीचा कागद हातात देऊन काय होणार? पदवीधर डिलिव्हरी करतायत. त्यापेक्षा गॅरेजच्या पोराला इलेक्ट्रिक गाड्यांचं काम शिकवा, बॅटरी उघडता आली तर महिन्याला चांगले मिळवेल.

सतरानंबरी | १० जुलै, दुपारी १:१५

बाप्यासाहेब, हे तुम्ही दहावी असताना बोलताय. नसली की कळतं. मी हेल्परला असताना माझ्याकडून काम शिकलेली पोरं स्टोअरला गेली, कारण फॉर्मवर रकाना होता. कौशल्य माझ्याकडे जास्त, रकाना त्यांच्याकडे. आता मीही स्टोअर बघतो. आणि बॅटरीचं काम शिकायला कंपनीच्या ट्रेनिंगला जायचं म्हटलं तरी पहिला प्रश्न हाच विचारतात, दहावी आहे का?

बाणेरचा_बाप्या | १० जुलै, दुपारी १:४०

बरं. रकान्याचा मुद्दा पटला.

मृद्गंध | ११ जुलै, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिघांशी बोलले, निशिगंधाताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

गॅरेजचा म्हणाला, स्वतःचं गॅरेज टाकायचं आहे, कर्जाला आयटीआयचं सर्टिफिकेट उपयोगी पडतं असं मालक सांगतो. म्हणजे गणित-विज्ञान आलंच. रात्रशाळेत चौकशीला जाणार. मालकाला साडेसहाला सोडायला राजी करणं माझ्या नवऱ्यानं अंगावर घेतलंय (गाडी त्याच्याचकडे सर्व्हिसिंगला असते).

मुलगी येरवड्याच्या शाळेत जाऊन आली. बारावीचं सांगितल्यावर चेहरा पडला, पण सासूबाईच म्हणाल्या, "कर की, दोन वर्षं काय अशीच जातात."

वॉचमनदादांचं वेगळंच. आजींनी सांगितल्याप्रमाणे पेपर वाचायला दिला. मराठी वाचतात, हळू पण नीट. इंग्रजीत मात्र एक नवलच दिसलं. कॅपिटल अक्षरं सगळी येतात, झरझर. गेटवर गाड्यांचे नंबर लिहून लिहून एमएच १२, एमएच १४ आणि पुढची अक्षरं डोळ्यांत बसली आहेत. स्मॉल अक्षरं दाखवली की थांबतात, कारण ती नंबरप्लेटवर नसतात! बी आणि डी तर हमखास उलटसुलट. हे लर्निंग डिसॅबिलिटीचं लक्षण असेल का? आणि १७ नंबर की एनआयओएस यात अजून घोळ आहे. दादांना सगळे विषय एकदम झेपतील असं वाटत नाही.

निशिगंधा | १२ जुलै, सकाळी ७:५०

मृद्गंध, कॅपिटल झरझर आणि स्मॉल अडतंय, यावरून मी तरी घाईनं तसं म्हणणार नाही. त्यांना स्मॉल अक्षरं कुणी शिकवलीच नसतील. महिनाभर सराव द्या. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्या वेगवेगळ्या दिवशी घ्या, बी आणि डी एकाच दिवशी नकोत. तरीही उलटं येत राहिलं, मराठीतही क-फ, घ-ध असा गोंधळ दिसला, शाळेतही लहानपणापासून असंच होतं असं कळलं, तर तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, पुण्यात ससून. ते मिळालं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

एनआयओएसला मी झुकते. पाळ्या बदलणाऱ्या माणसाला दोन-दोन विषय देता येणं हे फार मोठं आहे. आठवी पास नसेल तर स्वयंघोषणापत्रावर प्रवेश होतो.

सतरानंबरी | १२ जुलै, सकाळी ९:२५

मी १७ नंबरकडे झुकतो, पण ताईंचा मुद्दा बरोबर आहे. मला एकच पाळी होती म्हणून जमलं. १७ नंबर घेतलाच तर एक धोका लक्षात ठेवा. नावनोंदणी वेगळी आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा. नोंदणी जुलै-ऑगस्टच्या सुमारास होते, नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि माणूस निवांत बसतो. परीक्षेचा फॉर्म पुढे संपर्क केंद्राच्या शाळेतून भरावा लागतो, तो राहिला की वर्ष गेलं. माझ्या ओळखीचा एकजण असाच बसला. शिवाय अंतर्गत २० गुणांच्या तोंडी, प्रात्यक्षिक, वह्या हे सगळं त्याच शाळेत. त्यामुळे संपर्क केंद्र निवडताना धायरीच्या जवळचंच घ्या, नाव बघून पेठेतलं घेऊ नका.

गणितेश | १२ जुलै, सकाळी ९:३३

ऑनलाइन यादीत केंद्र निवडताना शाळेत एक चक्कर मारून यावी. क्लार्क बाईंची ओळख झाली की अर्धी दहावी झाली.

मृद्गंध | २३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढते, काहींनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून.

दादांना एनआयओएस घेतलं. मराठी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान, बिझनेस स्टडीज आणि इंग्रजी. दाखला मिळाला, पण जन्मतारीख आधारपेक्षा वेगळी निघाली, त्यात सप्टेंबर गेला. एप्रिलला मराठी आणि गृहविज्ञान देतील. गृहविज्ञान घेतल्याबद्दल गेटवर दुसऱ्या पाळीचा वॉचमन चेष्टा करतो. परवा दादांनी त्याला अन्नातल्या पोषकद्रव्यांवर दहा मिनिटं ऐकवलं, मग तो गप्प झाला. एनआयओएसचे घरी लिहायचे स्वाध्याय असतात ते रात्रपाळीत केबिनमध्ये लिहितात. बी-डी आता क्वचित चुकतं.

मुलीचा फॉर्म शाळेतून भरला गेला. इंग्रजीत पत्रलेखन आणि पाहिलेले उतारे यावर जोर देतोय. एबीसीतून (अप्पा बळवंत चौकातून) '२१ अपेक्षित' प्रश्नसंच आणले, मागच्या वर्षांचे पेपर सोडवते. गणितात संभाव्यता तिला आवडते, फाशांची उदाहरणं सगळी बरोबर. समरूप त्रिकोण म्हटलं की वही मिटते. आजी, काय करू?

गॅरेजचा मुलगा रात्रशाळेत. कागदावर आठवी पास निघाला, खडूफळासरांनी म्हटलं तसंच, त्यामुळे नववीत बसला. गणपतीपर्यंत नियमित होता, मग दिवाळीला गॅरेजमध्ये गर्दी झाली आणि खाडे सुरू झाले. मालक सोडतो, पण मुलालाच ओव्हरटाइम हवा असतो. त्याच्यावर रागावून उपयोग नाही हे कळतं, घरात त्याचे पैसे लागतात. सरांनी फोन करून बोलावलं तेव्हा परत जायला लागला.

कोथरूडची_आजी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५८

समरूपता परीक्षेपुरती सोडून दे. प्रमेयांची विधानं आणि आकृत्या तेवढ्या पाठ करून घे, त्याचेही गुण मिळतात. भूमितीत वर्तुळाची रचना, स्पर्शिका काढणं, निर्देशक भूमितीची सूत्रं. रचना म्हणजे हातखंडा काम, पेन्सिलला टोक असलं आणि कंपास ढिला नसला की गुण कुठे जात नाहीत. कंपास बघ तिचा. माझ्याकडे येणाऱ्या मुलींचे निम्मे कंपास मोठ्या भावाचे असतात, खिळा सैल, वर्तुळ भलतीकडेच बंद होतं. नवा घेऊन दे.

खडूफळा | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

ओव्हरटाइमचं दुखणं नेहमीचं. आम्ही एक करतो: सणाच्या आधीचे पंधरा दिवस धडा पुढे नेत नाही, उजळणी घेतो. जो आला त्याचा फायदा, नाही आला त्याचं नवीन काही बुडत नाही. पोरगा परत आला की "काय शिकवलं?" म्हणत कोपऱ्यात बसावं लागत नाही. खाडा झालेल्या मुलाला वर्गासमोर जाब विचारायचा नाही, हा आमच्या स्टाफरूमचा अलिखित नियम. नववीत टिकला की दहावीत टिकतो. जानेवारीपर्यंत लक्ष ठेवा.

अनघा_सातारकर | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मृद्गंध, माझ्या मुलाची दहावी मार्चमध्ये झाली. पुस्तकांचा पूर्ण संच, विज्ञानाच्या वह्या आणि न वापरलेला कंपास आहे. वारज्याला राहते. विपू करते.

पिंपरीकर_७७ | २४ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

मुलीच्या बारावीचं काय ठरलं? दहावी झाली की लगेच १७ नंबरनं बारावीला बसता येतं का? आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनाही विचारायचं आहे.

सतरानंबरी | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

लगेच नाही. दहावी आणि बारावी यांच्यात अकरावीच्या वर्षाचं अंतर लागतंच, मार्चला दहावी झाली तर पुढच्याच मार्चला बारावी देता येत नाही. त्यामुळे दोन वर्षं धरून चाला. मी कॉमर्सला बसलोय, पण पुस्तपालन घरी बसून जमत नाही, त्याला शिकवणी लावावी लागली. मुलीला अंगणवाडीसाठीच हवी असेल तर आर्ट्स घ्या. बिल्डिंगमधल्या ताईंची दहावी कुठल्या बोर्डाची आणि कुठल्या सालची ते आधी विचारा, आणि मार्कलिस्टबरोबर शाळा सोडल्याचा दाखलाही शोधून ठेवायला सांगा. तोही लागतो.